गटारीतली वायर

सगळे पांगल्यावर इरण्णाने मुठीतली एक लाल मिरची माझ्यासमोर धरली आणि विचारलं, "ही एक ऱ्हायली ताई. ठिवू?"

समाजमंदिरापुढच्या सारवलेल्या अंगणात आम्ही सकाळपासून भट्टीवस्तीचा नकाशा मांडत होतो. रांगोळीच्या गल्ल्या, विटांच्या तुकड्यांची घरं, खांबांच्या जागी खोचलेल्या काड्या. ज्या घरात मीटर आहे तिथे तुरीच्या डाळीची चिमूट, जिथे आकडा आहे तिथे लाल मिरची. बांबूच्या टोकाला वाकवलेली तार बांधून ती खांबावरच्या उघड्या तारेला अडकवली की घरात दिवा लागतो, त्याला आमच्याकडे आकडा म्हणतात. दुपारपर्यंत अंगण इतकं लाल झालं, की म्हातारी गंगव्वा म्हणाली, "आता नुस्तं मीठ घाला, ठेचा तयार." बायका पोट धरून हसल्या. चोरी उघड करताना माणसं इतकी हसतात हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मी एका संस्थेत लोकसहभागाचं काम बघायची. वय सव्वीस, अनुभव दीड वर्षाचा आणि तोंड मात्र अखंड चालू. वस्तीच्या छपरांवर सौर पॅनेल बसवायचे, समाजमंदिराच्या मागे बॅटऱ्यांची खोली बांधायची आणि हे सगळं वस्तीतल्याच लोकांच्या समितीने चालवायचं, अशी योजना होती. पॅनेलना वस्ती काचा म्हणायची. किती काचा लागतील हे ठरवायला खरा वापर कळायला हवा होता. वस्तीच्या जागेचा खटला पंधरा वर्षं कोर्टात पडलेला, त्यामुळे नवीन मीटर कुणाला मिळत नव्हता आणि तीन घरांपैकी दोन आकड्यावर होती. अशा ठिकाणी परक्या पोरीला खरं कोण सांगणार? मी दोन महिने चहा पिऊन पिऊन पित्त वाढवून घेतलं, पण एक मिरची हाती लागली नव्हती.

लोकांना बोलतं केलं ते इरण्णाने. पंचावन्नच्या घरातला, काटकुळा, कमी बोलणारा माणूस. तरुणपणी वायरमन लोकांच्या हाताखाली रोजंदारीवर होता, पुढे वस्तीचाच झाला. संध्याकाळी आकडे तो टाकायचा, सकाळी ऑफिसं उघडायच्या आत तोच उतरवायचा. कुठलं घर कुठल्या तारेवर, हे त्याच्या डोक्यात पक्कं. विजेची शेगडी लावायची नाही, दुसऱ्या कुणी बांबूला हात लावायचा नाही, हा त्याचा कायदा, आणि तो मोडणाऱ्याच्या घरी आठ दिवस अंधार. लग्नाची तारीख ठरली की पत्रिका छापायच्या आधी लोक मांडवातल्या दिव्यांचं त्याला विचारायचे. सगळी वस्ती त्याला मामा म्हणायची. तोच घरोघर फिरून म्हणाला, "खरं सांगा. खोटं सांगितलं तर काचा कमी येतील, मग बसा बोंबलत."

तर ती शेवटची मिरची. इरण्णाने ती गंगव्वाच्या घरामागे, गटारीच्या रेघेवर ठेवली.

"तिथे कुठला खांब आहे?" मी विचारलं.

"खांब न्हाई. गटारीतनं वायर हाय. पायपातनं घातलीय, डीपीच्या पेटीपासनं थेट. वर फरशी."

"कशासाठी?"

"श्रीशैलच्या मशिनीसाठी."

श्रीशैल हा गंगव्वाचा थोरला मुलगा. चौदाव्या वर्षापासून यंत्रमागावर, चौतिसाव्या वर्षी छातीत कापसाची धूळ साठून संपत आलेला. दवाखान्याने त्याला हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन घरी दिलं होतं. त्याच्या नाकात नळी असायची, आणि मशीन बंद पडलं की दहा मिनिटांत ओठ निळे पडायचे.

"आकडं मी सकाळी उतरवतो," इरण्णा म्हणाला. "त्याचा श्वास कसा उतरवू? म्हून वायर पुरली. मला, गंगव्वाला आन् तिच्या दोन पोरांना, एवढ्यांनाच ठावं हाय. आता तुमाला."

"मग मला का सांगितलंत?"

"मशीन रातदिस चालतीय. तुमी धरली न्हाई तर बॅटरी कमी पडंल नव्हं? काचा आल्या की मी वायर उपसून टाकतो." मग त्याने मिरचीवर बोट ठेवलं. "हे भाईर जात न्हाई ना ताई?"

"छे हो इरण्णामामा. हे फक्त आमच्या ऑफिसात."

मी हे म्हणाले तेव्हा मनापासून म्हणाले. घरी गेल्यावर मी तो नकाशा मोठ्या कागदावर उतरवला. रंगीत पेनं वापरली, घरांवर नावं घातली, समाजमंदिरापुढचा कडुलिंब पानासकट काढला आणि गटारीवर एक लाल ठिपका दिला. आमचे चिटणीस सर बघून खूश झाले. "लोकांनी स्वतः काढलेला नकाशा! हा प्रस्तावाला जोडलाच पाहिजे." प्रस्तावाची एक प्रत ना-हरकतीसाठी वीज कार्यालयात जाते, हे मला माहीत होतं का? होतं. पाठवण्याच्या पत्रावर सही माझीच होती. नकाशा त्या प्रतीतून काढून घ्यावा, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. खरं सांगायचं तर तो नकाशा मला फार आवडला होता आणि चार लोकांनी तो बघावा असं वाटत होतं.

तीन आठवड्यांनी, एप्रिलच्या एका गुरुवारी, समितीच्या बैठकीसाठी मी साडेदहाला वस्तीत पोचले, तर वेशीवर पोलिसांची गाडी आणि दोन टेम्पो उभे. वीजचोरी पकडणारं पथक आलं होतं. अशी पथकं पूर्वीही यायची, पण ती दिवसा यायची आणि दिवसा खांब मोकळे असायचे. या वेळी ते खांबाकडे बघतच नव्हते. सरळ घरात शिरत होते. पत्र्याच्या मागून, माळ्यावरून, न्हाणीतून वायरी ओढून काढत होते, आकड्याचे बांबू गुडघ्यावर मोडून रस्त्यावर फेकत होते. एक बाई मध्ये पडली, तिला शिपायाने काठीने ढकललं, ती उंबऱ्यावर तोंड आपटून पडली आणि तिचा पुढचा दात तुटला.

पथकाच्या साहेबाच्या हातात एक कागद होता. मी जवळ गेले. माझा कडुलिंब होता त्यावर, पानासकट.

तो कागदावर बोट ठेवत गंगव्वाच्या घरामागे गेला आणि माणसाला म्हणाला, "इथे खण." पहिल्या घावाला फरशी फुटली. दुसऱ्याला पाइप. गंगव्वा धावत आली, साहेबाच्या पायावर डोकं आपटू लागली. "सायेब, माझं लेकरू हाय मशिनीवर! घटकाभर थांबा!" मी पण ओरडले, की आत पेशंट आहे. साहेब म्हणाला, "मॅडम, सगळ्याच घरात पेशंट असतो." आणि वायर तोडली. आत मशीनचा आवाज थांबला.

श्रीशैलचा धाकटा भाऊ मल्लू मोटरसायकलवरून सिलिंडर आणायला सुटला. मी श्रीशैलच्या उशाशी बसले. तो हाताने अंथरूण खरवडत होता, डोळे बाहेर आले होते, छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि आत काहीच जात नव्हतं. गंगव्वा त्याच्या तोंडात तोंड घालून फुंकत होती. पाऊण तासाने मल्लू सिलिंडर खांद्यावर घेऊन दारात आला तेव्हा आम्ही त्याचे डोळे मिटवले होते. मल्लूने सिलिंडर तसाच खाली सोडला. तो गडगडत भिंतीला जाऊन लागला.

पथक तोवर गेलं होतं, पोलिसही. राग काढायला समोर कुणी उरलं नव्हतं.

मल्लू भावापाशी बसला नाही. उठून मागे गेला, खणलेल्या गटारीकडे बघत उभा राहिला. मग सावकाश म्हणाला, "ह्यांना ही जागा कुनी सांगितली?"

त्याने फुटकी फरशी पायाने सरकवली.

"आकडं सगळ्यांना ठावं हुते. गटारीतली वायर कुनाला ठावं हुती? मला. आईला. ह्याला," त्याने घराकडे बोट केलं. "आन् इरण्णामामाला."

हिशेब चोख होता. त्यात एक माणूस धरायचा राहिला होता, आणि तो माणूस त्याच्यापासून चार हातांवर उभा होता. मल्लूने माझ्याकडे बघितलंसुद्धा, पण नजर माझ्यावरून तशीच पुढे गेली. मी त्यांच्या घरात जेवलेली, त्याच्या भावाच्या उशाशी बसलेली ताई. त्यांच्या लेखी मी अशी गोष्ट करणारी नव्हतेच.

इरण्णाला त्यांनी त्याच्या घरातून आणलं नाही. तो स्वतःच येत होता, श्रीशैलची बातमी ऐकून, अनवाणी, डोक्यावरची टोपी हातात धरून. समाजमंदिरापुढे मल्लूने त्याला अडवलं.

"मामा, तू सांगितलंस?"

इरण्णाने आधी मल्लूकडे बघितलं, मग त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे. त्याला कळलं. ते कळताना मी बघितलं. मी मान खाली घातली.

"बोल की! वायरीचं तू सांगितलंस?"

"व्हय," इरण्णा म्हणाला. "सांगितलं मीच."

"कुनाला?"

इरण्णा गप्प राहिला.

मल्लूने रस्त्यावरचा मोडका बांबू उचलला आणि इरण्णाच्या तोंडावर मारला. हाड मोडल्याचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. इरण्णा गुडघ्यावर आला. त्याने हात वर केले नाहीत. दुसरा फटका कानावर बसला, कानाची पाळी फाटून लोंबली. मग बाकीचे आले. पंधरा होते की तीस, मला सांगता येणार नाही. त्याच्याच हातचे बांबू सगळीकडे पडलेले होते, ज्याला जो सापडला तो त्याने घेतला. गटारीतून निघालेल्या वायरीचा तुकडा कुणीतरी आणला आणि त्याचे दोन्ही हात खांबाला बांधले. ज्यांच्या मांडवात त्याने दिवे लावले होते ते मारत होते. दात तुटलेली ती बाई तोंडाला पदर लावून आली आणि त्याच्या पोटात लाथ घालून गेली.

मी पुढे गेले होते. ते मला माझ्या बाजूने सांगायचं म्हणून सांगत नाही. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा "थांबा, थांबा" एवढंच म्हणाले. पुढचं वाक्य तयार होतं: नकाशा मी पाठवला. तीन शब्द. ते घशापर्यंत यायचे, तेवढ्यात बांबू बसायचा, रक्त उडायचं आणि मला दिसायचं की यानंतर त्या खांबाला मी असेन. मी भ्याले. दुसरं कुठलंही कारण नव्हतं.

एक वीट उडून माझ्या कोपराला लागली. ज्या पोराने ती फेकली होती तो मारणं सोडून माझ्याकडे धावला. "लागलं का ताई? माफ करा, ताई. तुमी बाजूला सावलीत बसा." त्याने मला धरून कडुलिंबाखाली नेलं, बसवलं, आणि परत जाऊन इरण्णाच्या छातीत दगड घातला.

मल्लूने अर्धी वीट घेतली. "कुठल्या हातानं वायर घातलीस मामा? ह्या?" त्याने खांबाला टेकलेल्या उजव्या हातावर वीट मारली. एकदा, दोनदा, बोटं ओळखू येईनात तोवर. इरण्णा पहिल्यांदाच ओरडला, आणि तो ओरडा ऐकून त्याची बायको सुगलाबाई धावत आली. तिने त्याच्या अंगावर अंग टाकलं. तिच्या पाठीत चार बांबू बसले, मग तिला वेणीला धरून ओढून काढलं. ती मातीत बसून किंचाळत राहिली, "मल्लू, तुझ्या बारशाला पाळणा ह्यांनी बांदला रं! मल्लू!"

मारणं थांबलं ते गंगव्वामुळे, पण दयेमुळे नाही. ती मोकळ्या केसांनी घरातून आली, गर्दीने तिला वाट दिली. ती इरण्णापुढे उभी राहिली आणि दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारू लागली. "भाऊ म्हटलं हुतं तुला! भाऊ म्हटलं हुतं!" इरण्णा तिला काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होता, पण जबडा मोडला होता, तोंडातून नुसतं रक्त येत होतं. मारता मारता गंगव्वा जागच्या जागी कोसळली. तिला उचलायला, पाणी आणायला, वारा घालायला सगळे तिकडे वळले. इरण्णा खांबाला तसाच लोंबत राहिला. सुगलाबाईने आणि मी वायर सोडली.

तीनचाकी टेम्पोत मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. सुगलाबाई पुढे ड्रायव्हरपाशी रडत होती. रस्त्यात त्याने डोळा उघडला, एकच उघडत होता. मोडक्या जबड्याने तो काय म्हणाला ते मला तीनदा ऐकल्यावर कळलं.

"काचा... बसवून घ्या."

बाकी काही नाही. मला वाचवायला तो गप्प बसला की काचांसाठी, हे मी आजही ठरवू शकले नाही. माझं नाव आलं असतं तर योजना तिथेच बुडाली असती, हे त्याला नक्की कळत होतं. मी मात्र त्या तीन शब्दांना परवानगी समजले. गप्प राहायची परवानगी. माणूस मरतानासुद्धा आपल्या सोयीचं बोलला असं वाटायला किती निर्लज्ज व्हावं लागतं, ते मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सरकारी दवाखान्यात इरण्णाने प्राण सोडला. श्रीशैलला वस्तीने आदल्या संध्याकाळीच स्मशानात नेलं होतं.

आठ वाजता फौजदार आले. वस्तीतले दोन म्हातारे आधीच बाहेर उभे होते. त्यांनी सांगितलं, आकडा टाकायला खांबावर चढला, शॉक बसला, खाली पडला. फौजदारांनी इरण्णाच्या हाताकडे बघितलं, कानाकडे बघितलं, आणि वैतागून वही बंद केली. मग माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या. संस्थेच्या आहात. तुम्ही तिथे होतात म्हणे. काय झालं?"

व्हरांड्याच्या टोकाला मल्लू उभा होता. मुंडण केलेलं, डोळे सुजलेले, नखांत अजून वाळलेलं रक्त. मी खरं सांगितलं तर तो जन्मभर आत जाणार होता, आणि गंगव्वाचा दुसरा मुलगाही गेला असता. हे मी स्वतःला सांगितलं. त्याच्याखाली जे होतं तेही सांगते: का मारलं, असा पुढचा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर माझ्या सहीचं होतं.

"खांबावरून पडले," मी म्हणाले. "मी बघितलं."

फौजदारांनी लिहून घेतलं. मी खाली सही केली, शर्मिला वाघचौरे, पूर्ण नाव, ठळक अक्षरात.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगून टाकते, कारण त्याच्यावर मी नंतर बरीच भाषणं दिली. वस्तीने मला आपलं मानलं. ताईने आपल्या पोरांना वाचवलं, ही गोष्ट घरोघर गेली. योजनेच्या संमतिपत्रावर दोन महिने एक सही मिळत नव्हती, त्या आठवड्यात सगळी वस्ती अंगठे उठवायला समाजमंदिरात आली. पहिली सही मल्लूने केली. दीड वर्षात छपरांवर काचा चढल्या, बॅटऱ्यांची खोली झाली, समिती नेमली गेली. बाहेरगावचे लोक बघायला येऊ लागले आणि विचारू लागले, की तुम्ही लोकांचा विश्वास कसा मिळवलात. मी सांगायची, त्यांच्यातलं होऊन राहावं लागतं. टाळ्या पडायच्या.

पण त्या सकाळी मी सही करून वळले, तर सुगलाबाई मागच्या बाकावर बसली होती. केव्हापासून ते मला कळलं नव्हतं. पाठ सुजल्यामुळे ती टेकून बसू शकत नव्हती, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून वाकली होती. मांडीवर इरण्णाची टोपी होती. फौजदार जाईपर्यंत ती थांबली.

"ताई," ती म्हणाली, "मिरच्या मांडल्या त्या दिसी रातच्याला त्यांनी मला सांगितलं हुतं. शर्मिलाताईला वायर दाखवली, आता श्रीशैलचं काम हुतंय. लई खुशीत हुते."

मी भिंतीला धरलं.

"भिऊ नगा. काल म्या तुमचं नाव घेतलं न्हाई, आजबी घेत न्हाई. त्यांनी घेतलं न्हाई, मग म्या कशाला घेऊ? मल्लूचंबी घेत न्हाई. त्या माउलीचं एक गेलंय." तिने टोपीवरची धूळ हाताने झटकली, पुन्हा झटकली. "पर तेवढं फौजदाराला सांगून बदलून घ्या. काय बी लिवा. गाडीखाली आला लिवा, मारामारीत मेला लिवा, दारू पिऊन मेला लिवा. पर खांबावरनं पडला म्हनू नगा, ताई. तीस वरसं चढला. माझा मानूस खांबावरनं कवा पडला न्हाई."